पगारी रजेचा हिशेब : कायदा काय देतो आणि ते पदरात कसं पाडून घ्यायचं

डिसेंबर उजाडला की कुपवाड, मिरज, तासवडे, शिरवळ, सातारा, कुठल्याही एमआयडीसीत टाइम ऑफिसच्या खिडकीशी एकच प्रश्न ऐकू येतो : ‘माझ्या किती रजा शिल्लक?’ उत्तर बहुतेक वेळा तोंडी मिळतं आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. पगारी रजा ही साहेबांची मेहेरबानी नाही. वीस दिवस घाम गाळला की एक दिवस पगारासह विश्रांती, असा तो सरळ हिशेब आहे आणि कामगाराला तो स्वतः करता आला पाहिजे. ज्याच्याकडे स्वतःच्या हजेरीचा आकडा नसतो, त्याची रजा हमखास कमी भरते.

आधी आपण कुठल्या कायद्यात बसतो ते पाहा

कारखान्यांना इतकी वर्षं १९४८ चा कारखाना अधिनियम लागू होता आणि रजेचा सगळा मामला त्याच्या कलम ७९ ते ८२ मध्ये होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. रजेचा विषय आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० च्या कलम ३२ मध्ये आहे. पण टाइम ऑफिसमधली रजिस्टरं, छापील अर्ज आणि कारकुनांची सवय जुन्या कायद्याचीच आहे. म्हणून दोन्ही माहीत असलेले बरे.

दुकानं, शोरूम, हॉटेलं, खासगी ऑफिसं आणि मिरजेतली खासगी रुग्णालयं यांच्यासाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. मूळ कायद्यात १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापना येत होत्या. २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २० वर गेली. हा बदल लहान ठिकाणच्या माणसांना महागात पडणारा आहे. साताऱ्यातल्या राजवाड्याजवळच्या किंवा सांगलीतल्या गणपती पेठेतल्या पाच-सहा माणसांच्या दुकानात हा कायदा पगारी रजा देतच नाही. तिथे नेमणूकपत्रात जे लिहून घेतलं असेल तेवढंच हातात. १० ते १९ माणसं असलेल्या ठिकाणी केंद्रीय संहितेच्या कलम ३२ चा आधार घेता येतो, कारण तिथे १० ची मर्यादा आहे.

तिसरी गोष्ट पदाची. नव्या संहितेत व्यवस्थापनातली माणसं आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे सुपरवायझर ‘कामगार’ या व्याख्येबाहेर आहेत. पण कार्डावर ‘सुपरवायझर’ छापलं म्हणून माणूस सुपरवायझर होत नाही. दिवसभर लेथ चालवणारा आणि अधूनमधून दोन हेल्परांना काम सांगणारा माणूस कामगारच असतो. प्रत्यक्ष काम काय, हेच पाहिलं जातं. नेमणूकपत्र देणं नव्या संहितेने मालकाला बंधनकारक केलंय, तेव्हा ते मागा आणि त्यातला रजेचा परिच्छेद नीट वाचा.

ठेकेदाराकडच्या माणसांनाही पगारी रजा आहे. ‘तू कंपनीचा नाहीस, ठेक्यावरचा आहेस, तुला पीएल (म्हणजे पगारी रजा) नाही’ हे वाक्य दर दुसऱ्या शेडमध्ये ऐकायला मिळतं, आणि ते चुकीचं आहे. रजा द्यायची जबाबदारी ठेकेदाराची, आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकावर येते.

हजेरी मोजायची कशी

कारखाना कायद्यात अट होती वर्षात २४० दिवसांची, नव्या संहितेत ती १८० दिवसांवर आली. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, एप्रिल-मार्च नव्हे. दर दोन्हीकडे एकच : प्रौढ कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस.

इथे दोन वेगळ्या मोजण्या आहेत आणि त्या एकात एक मिसळल्या की सगळं चुकतं. पहिली मोजणी पात्रतेची : अट पूर्ण झाली का? दुसरी कमाईची : किती रजा मिळाल्या? पात्रतेच्या मोजणीत प्रत्यक्ष कामाच्या दिवसांबरोबर ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकाने बसवून ठेवलेले) दिवस, बाळंतपणाची रजा आणि घेतलेली पगारी रजाही धरतात. कमाईच्या मोजणीत फक्त प्रत्यक्ष कामाचे दिवस.

एक उदाहरण घेऊ. वर्षाचे ३६५ दिवस. ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि ८ सणांच्या सुट्ट्या वजा केल्या की ३०५ उरतात. कामगाराने १२ पगारी रजा घेतल्या, ६ दिवस ईएसआयमधून (कर्मचारी राज्य विमा योजनेतून) आजारी होता, ९ खाडे झाले. प्रत्यक्ष काम २७८ दिवस. पात्रता : २७८ अधिक १२, म्हणजे २९०. कमाई : २७८ भागिले २०, म्हणजे १३.९. कारखाना कायद्यात अर्धा किंवा त्याहून मोठा अपूर्णांक पूर्ण धरतात, म्हणजे १४ रजा.

आता काठावरचा कामगार पाहा. प्रत्यक्ष काम २२९ दिवस आणि १२ पगारी रजा. कारकून रजिस्टरमध्ये ‘२२९’ वाचतो आणि ‘२४० भरले नाहीत, यंदा रजा नाही’ म्हणून मोकळा होतो. पण पात्रतेसाठी आकडा २२९ अधिक १२ म्हणजे २४१ आहे. जुन्या कायद्यानेही तो पात्र आहे, आणि २२९ भागिले २० म्हणजे ११.४५, ११ रजा त्याच्या हक्काच्या आहेत. रजिस्टरमध्ये ‘पी’ (हजर) एवढाच रकाना बेरजेला घेतला की अशी अकरा दिवसांची मजुरी गायब होते. १८० च्या अटीने हा वाद बऱ्यापैकी संपेल, पण खाडे जास्त असलेल्या माणसाच्या बाबतीत तोच गोंधळ १८० वरही होणार आहे.

वर्षाच्या मध्ये कामाला लागलेल्यांचं वेगळं गणित आहे. समजा १ जुलैला रुजू झालात. वर्षाचे उरलेले दिवस १८४. जुन्या कायद्यात त्यातल्या दोन तृतीयांश, म्हणजे १२३ दिवस भरावे लागत. नव्या संहितेत एक चतुर्थांश, म्हणजे ४६. ‘पहिलं वर्ष प्रोबेशन, रजा नाही’ असं म्हणून हे टाळता येत नाही. प्रोबेशन हा नेमणुकीचा प्रकार आहे, रजेला त्याने बाध येत नाही.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराची अडचण मात्र खरी आहे. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्चच्या आसपास संपतं. म्हणजे एकच हंगाम दोन कॅलेंडर वर्षांत वाटला जातो आणि १८० सुद्धा गाठणं कठीण होतं. तिथे साखर कामगारांच्या वेतन कराराचा आधार धरायचा. कराराची प्रत युनियनकडे असते, तिच्यातलं रजेचं कलम काढून ठेवा. ऊसतोड मजुराला यातलं काहीच मिळत नाही. मुकादमाच्या उचलीवर आलेल्या त्या कुटुंबांचं हजेरीपत्रकच कुठे नसतं, हे या सगळ्या कायद्यांचं मोठं अपयश आहे.

हजेरीचा पुरावा हातात ठेवा

रजिस्टर मालकाकडे असतं, म्हणून आपली नोंद आपण ठेवायची. दर महिन्याच्या पगारपत्रकाचा फोटो काढा. त्यावर हजर दिवस लिहिलेले असतात. पगारपत्रक मिळत नसेल तर ईएसआयच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन करा. तिथे महिनावार वर्गणीच्या तपशिलात किती दिवसांचा पगार दाखवला आहे तो आकडा दिसतो. हा आकडा मालकानेच सरकारला कळवलेला असतो, त्यामुळे नंतर त्याला तो नाकारता येत नाही. २६ दिवस राबलात आणि ईएसआयकडे १५ दिवस गेलेत असं दिसलं, तर प्रश्न फक्त रजेचा राहत नाही. आजारपणाच्या लाभावरही त्याचा परिणाम होतो, तेव्हा त्याच महिन्यात लेखी विचारा.

सीएल, आजारपणाची रजा, सणाच्या सुट्ट्या

कारखान्यात ‘सात सीएल (किरकोळ म्हणजे नैमित्तिक रजा) कायद्याने असतात’ अशी सर्रास समजूत आहे. कारखाना कायद्यात सीएल नाही आणि नव्या संहितेच्या रजेच्या कलमातही नाही. ती मिळते स्थायी आदेशांतून (कंपनीच्या मंजूर सेवानियमांतून), युनियनच्या समझोत्यातून किंवा नेमणूकपत्रातून. मिळत असेल तर ती तितकीच पक्की; फक्त भांडताना कागद कुठला पुढे करायचा ते कळलं पाहिजे. दुकाने अधिनियमात मात्र ८ दिवस सीएल थेट कायद्यातच आहे. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्षअखेर उरली तर बुडते. म्हणून दुकान-ऑफिसातल्यांनी किरकोळ कामाला आधी सीएल वापरावी, पीएल राखून ठेवावी.

दुकाने अधिनियमात ८ पगारी सणाच्या सुट्ट्याही आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. ही यादी मालकाने परस्पर लावायची नसते. आपल्या भागात याला फार अर्थ आहे. शिराळ्याच्या माणसाला नागपंचमी हवी असते, पुसेगावच्याला सेवागिरी महाराजांची यात्रा, वाईकडच्याला मांढरदेवची काळूबाई, आणि बेंदूर, गौरी-गणपती तर घरोघरीच. डिसेंबरातच बसून चार दिवस कागदावर आणा. नंतर यात्रेच्या दिवशी खाडा लागतो आणि तो रजेच्या हिशेबातही नडतो.

आजारपणाला ईएसआय असेल तर पीएल खर्च करायची गरज नाही. महिना वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना ही योजना लागू आहे. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर धरतात. कामावर अपघात झाला तर टक्केवारी ९० आणि ७८ दिवसांची अट नाही. इथे माणसं चुकतात ती दाखल्यात : खासगी डॉक्टरांचा कागद घेऊन घरी बसतात आणि महिन्याने ईएसआयच्या दवाखान्यात जातात. पहिल्याच दिवशी किंवा घरच्यांमार्फत त्वरित ईएसआयच्या डॉक्टरांपर्यंत पोचा, दाखला घ्या, त्याची प्रत टाइम ऑफिसला द्या. लाभ सुरू असताना आजारपणाच्या कारणावरून कामावरून काढता येत नाही.

मतदानाच्या दिवशीची पगारी सुट्टी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मिळते. ती रजेतून वळती करायची नसते.

बाळंतपणाची रजा

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी. दोन हयात मुलं असतील तर १२ आठवडे. अट एवढीच की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. ईएसआय लागू असेल तर पैसे ईएसआयकडून येतात, नसेल तर मालकाने द्यायचे, पूर्ण पगाराच्या दराने. गर्भपात झाला तर ६ आठवडे. तीन महिन्यांखालचं मूल दत्तक घेतलं तर १२ आठवडे. खासगी रुग्णालयं, शाळा, शोरूम इथल्या मुलींना ‘राजीनामा दे, नंतर पुन्हा घेऊ’ असं गोडीगुलाबीने सांगितलं जातं. राजीनामा देऊ नका. एकदा तो दिला की लाभ जातो, नोकरीची सलगता जाते आणि पुन्हा घेण्याचं तोंडी आश्वासन कुठेच चालत नाही. या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. अपेक्षित तारीख आणि रजा कधीपासून हवी ते लिहून सूचना द्या आणि पोच घ्या.

अर्ज आणि नकार

कारखाना कायद्याची रीत अशी : रजेच्या किमान १५ दिवस आधी लेखी अर्ज, आणि वर्षात जास्तीत जास्त तीन वेळा. आजारपणासाठी ही मुदत लागू नाही. दुकाने अधिनियमातही १५ दिवस आधीच्या अर्जाला महत्त्व आहे. अर्जात हवं ते एवढंच : नाव, टोकन नंबर, विभाग, रजा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, त्यात साप्ताहिक सुट्टी कुठली येते, म्हणून पगारी रजा किती दिवस. शेवटी ‘नामंजूर असल्यास कारणासह लेखी कळवावे’ ही एक ओळ. दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्का-तारीख घ्या. घेतच नसतील तर कंपनीच्या ईमेलवर किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर सुपरवायझरला टाकलेला मेसेज अगदीच काही नसण्यापेक्षा बरा, पण तो सुपरवायझर सोडून गेला की पुरावा लुळा पडतो.

नामंजुरीची लेखी नोंद इतकी का हवी? कारण शिल्लक रजा पुढच्या वर्षी न्यायची मर्यादा ३० दिवस आहे, पण मागूनही न मिळालेली रजा या मर्यादेत मोजत नाहीत. ती कितीही पुढे नेता येते. दुकाने अधिनियमात साठवायची मर्यादा ४५ दिवस आहे, आणि १५ दिवस आधी अर्ज करूनही रजा नाकारली तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. अर्जच नसेल तर नाकारली हे सिद्ध कसं करणार?

रजेच्या मध्ये आलेली सुट्टी रजेत धरायची नाही. साप्ताहिक सुट्टी रविवारी असलेल्या कामगाराने सोमवारपासून १० रजा घेतल्या तर सोमवार ते शनिवार ६, मधला रविवार सोडून पुढच्या सोमवार ते गुरुवार ४. तो शुक्रवारी कामावर येतो. दोन रजांमधली सुट्टीही रजाच, असं ‘सँडविच’ करून ११ कापल्या असतील तर एक रजा परत मागा. पीएलच्या बाबतीत हा प्रकार कायद्यात बसत नाही.

नव्या संहितेने एक मोठी सोय केली आहे : वर्षअखेरीस कामगाराने मागणी केली तर शिल्लक रजेचे पैसे मिळतात, आणि ३० च्या वर गेलेल्या रजेचे पैसे घ्यायचा हक्क आहे. पण हे मागितल्यावरच आहे. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक साधं पत्र द्या : शिल्लक रजा इतकी, त्यातल्या इतक्या पुढे न्याव्यात, इतक्यांचे पैसे द्यावेत.

रजेच्या दिवसाचा दर

कारखाना कायद्याच्या कलम ८० प्रमाणे रजेच्या आदल्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी कमाई हा दर. त्यात महागाई भत्ता धरतात. ओव्हरटाइम आणि बोनस नाही. आदल्या महिन्यात ओव्हरटाइम सोडून १८,२०० रुपये कमाई आणि २६ दिवस काम, म्हणजे रोज ७०० रुपये. १० दिवसांचे ७,०००. पुष्कळ ठिकाणी १८,२०० ला ३० ने भागतात, दर ६०६ रुपये ६७ पैसे येतो आणि दहा दिवसांमागे ९३३ रुपये कमी मिळतात. काही ठिकाणी तर फक्त मूळ पगारावर हिशेब करतात. नव्या संहितांतल्या ‘वेतन’ या व्याख्येने त्याला थोडा लगाम बसलाय : मूळ पगार आणि महागाई भत्ता सोडून इतर भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. कंपनीचा करार यापेक्षा जास्त देत असेल तर जास्त तेच लागू राहतं.

नोकरी सोडताना

राजीनामा दिला, काढून टाकलं, दोन्ही वेळी शिल्लक रजेचे पैसे मिळतातच, वर्षाची अट पूर्ण झालेली नसली तरी. समजा जानेवारी ते मार्च ७४ दिवस काम करून सोडलं, तर त्या वर्षाच्या ७४ भागिले २० म्हणजे ३.७, अपूर्णांक धरून ४ दिवस आणि मागची शिल्लक वेगळी. सोडल्यापासून दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत हे पैसे द्यायचे. निवृत्ती किंवा मृत्यू असेल तर दोन महिन्यांत; मृत्यूनंतर वारसाला किंवा नामनिर्देशित व्यक्तीला. प्रत्यक्षात ‘फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) ४५ दिवसांनी’ असं उत्तर मिळतं. कायद्यात असा ४५ दिवसांचा नियम नाही. शिल्लक रजा नोटीस काळात बळजबरीने वळवणंही चालत नाही. कोऱ्या व्हाउचरवर किंवा ‘सर्व रक्कम मिळाली’ अशा छापील कागदावर सही करण्याआधी रजेची ओळ वेगळी दाखवली आहे का ते पाहा. नसेल तर सहीखाली स्वतःच्या हाताने ‘रजेची रक्कम वगळून’ असं लिहा.

नाहीच दिलं तर

आधी मालकाला लेखी पत्र : कालावधी, हजेरीचे दिवस, हिशेब, मागणीची रक्कम आणि १५ दिवसांची मुदत. उत्तर आलं नाही तर सातारा किंवा सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. सरकारी कामगार अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात, आणि हिशेब चोख असेल तर पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. पुढे वेतन संहितेखाली प्राधिकाऱ्यापुढे दावा करता येतो, त्याला तीन वर्षांची मुदत आहे. मूळ रकमेवर दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देण्याचा अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. अर्जाला जोडायचे कागद : नेमणूकपत्र किंवा गेट पासची प्रत, पगारपत्रकं, पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा, ईएसआयच्या वर्गणीचा तपशील, रजेच्या अर्जांच्या पोचप्रती आणि एका पानावर महिनावार हजेरीचा तक्ता. ठेकेदाराकडे असाल तर अर्जात ठेकेदार आणि मुख्य कंपनी दोघांचीही नावं घाला. एकटा ठेकेदार गाव सोडून जातो तेव्हा कंपनीचं नाव नसलेला अर्ज नव्याने करावा लागतो आणि तेवढे महिने वाया जातात.